रंगरुटाच्या खाटेवरून : तीन चित्रपटांचा विचार

नाना पाटेकर ह्यांचा 'प्रहार' १९९१ साली प्रदर्शित झाला. त्यास तीन दशकांहून अधिक काळ लोटला. तरी आपल्या घरांतून त्याचा विषय निघतो, तो मेजर चव्हाणच्या नावाने. कमांडोंना घडवणारा तो कठोर, अबोल, एकाकी अधिकारी प्रेक्षकांच्या मनात ठाण मांडून बसला आहे. त्याच चित्रपटात पीटर डिसोझा नावाचा एक तरुण आहे. मुंबईतील एका ख्रिस्ती बेकरीवाल्याचा हा मुलगा. चव्हाणच्या हाताखाली तो तयार होतो, ओलिसांच्या सुटकेच्या कामगिरीत पाय गमावून घरी परततो आणि पुढे खंडणी मागणाऱ्या गुंडांकडून मारला जातो. तो आपल्या समाजातला मुलगा. परंतु त्याचे नाव आपल्यालाही चटकन आठवत नाही.

ह्या विस्मरणाचा दोष सर्वस्वी प्रेक्षकांवर टाकता येणार नाही. सैनिकी प्रशिक्षणावरील चित्रपट हा बहुतेक वेळा प्रशिक्षकाचाच चित्रपट असतो. स्टॅन्ली कुब्रिक ह्यांच्या 'फुल मेटल जॅकेट' (१९८७) ह्या चित्रपटातून लोकांनी लक्षात ठेवला तो सार्जंट हार्टमन. ही भूमिका करणारे ली अर्मी स्वतः अमेरिकन मरीन दलात ड्रिल इन्स्ट्रक्टर होते. सल्लागार म्हणून आलेला हा गृहस्थ आपल्या मुखातील शिव्यांच्या अखंड ओघाने मुख्य भूमिकाच पटकावून बसला. रॉब रायनर ह्यांच्या 'ए फ्यू गुड मेन' (१९९२) मधून लक्षात राहिला तो न्यायालयात गरजणारा जॅक निकल्सनचा कर्नल जेसप. हुकूम देणारा पडद्यावर नेहमीच देखणा दिसतो. हुकूम घेणारा रांगेत उभा असतो, आणि रांगेतले चेहरे सारखेच भासतात. म्हणून हे चित्रपट परेडच्या मैदानावरून न पाहता, रात्री दिवे मालवल्यानंतर रंगरुटाच्या खाटेवरून पाहावेत, असे मला वाटते. तेथून ते वेगळे दिसतात.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आज्ञापालनाची थट्टा करणे हा माझा हेतू नाही. सेमिनरीतील घंटेची शिस्त ज्याच्या अंगी मुरली आहे, त्या माणसाला ती थट्टा शोभणारही नाही. मरीन दलाच्या प्रशिक्षणात रंगरुटाचे केस जातात, कपडे जातात आणि काही आठवडे त्याच्या तोंडून 'मी' हा शब्दही जातो; स्वतःचा उल्लेख त्याला 'हा रंगरूट' असाच करावा लागतो. गोळीबारात क्षणाचाही विचार न करता शेजाऱ्यासाठी पुढे सरसावणारा माणूस घडवायचा, तर असे काहीतरी करावे लागते हे मान्य केले पाहिजे. प्रश्न त्यापुढचा आहे. जो 'मी' काढून ठेवला, तो कोणी जपून ठेवला आहे काय? आणि कोणता हुकूम दलाचा व कोणता केवळ हुकूम देणाऱ्याच्या लहरीचा, हे त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला कोणी, कोठे, कधी शिकवायचे?

'फुल मेटल जॅकेट'मध्ये ह्या प्रश्नाला भिडणारा एक प्रसंग आहे, आणि तो नेमका आपल्या भक्तीच्या विषयावर आहे. पॅरिस आयलंडच्या बराकीत हार्टमन जोकर ह्या टोपणनावाच्या रंगरुटास विचारतो, तुझी पवित्र कुमारी मरियेवर श्रद्धा आहे काय? जोकर नाही म्हणतो. हार्टमन त्याच्या थोबाडीत मारतो आणि उत्तर बदलण्याचा हुकूम सोडतो. जोकर उत्तर बदलत नाही. आता काहीही उत्तर दिले तरी ते चूकच ठरेल आणि ते मागे घेतले तर अधिकच मार बसेल, हे त्याने ओळखलेले असते. ह्यावर हार्टमन अनपेक्षितपणे त्याला तुकडीचा नायक करतो; पोरगा अडाणी असला तरी छातीचा आहे, असे त्याचे मत पडते.

ज्याच्या ओठी रोज जपमाळ असते, अशा माणसाला हा प्रसंग पाहताना प्रथम कसेसेच होते. पण थोडे थांबून पाहिले की ध्यानात येते : रंगरुटांच्या त्या संपूर्ण कांडात इतक्या ठामपणे उच्चारलेला हा एकमेव नकार आहे. आपल्या मातेला नाकारणारा हा मुलगाच आपल्या अंतःकरणाची खोली बंद ठेवू शकला. श्रद्धा हुकमाने उत्पन्न होत नाही आणि हुकमाने बदलतही नाही, हे तत्त्व येथे एका नास्तिकाने राखले आहे. मरियामातेला हार्टमनच्या थपडेने मिळालेला होकार रुचला असता, असे मला तरी वाटत नाही.

येथवर जोकर आपल्याला नायक वाटतो. कुब्रिक ह्यांचे मोठेपण असे की, ते त्याला नायक राहू देत नाहीत. हार्टमनने ज्याला 'पाइल' असे कुचेष्टेचे नाव ठेवले आहे, त्या स्थूल, गोंधळलेल्या लेनर्डला शिकवण्याचे काम जोकरकडे सोपवले जाते. जोकर त्याला बुटाची नाडी बांधण्यापासून सारे मायेने शिकवतो. पुढे लेनर्डच्या पेटीत लपवलेला एक गोड पाव सापडतो. आता ह्याच्या चुकीची शिक्षा ह्याला न होता साऱ्या पलटणीला होईल, असे हार्टमन जाहीर करतो. लेनर्डने उभे राहून पाव खायचा आणि इतरांनी त्याच्यासमोर जमिनीवर हात टेकून दंड काढायचे. ह्यानंतर मारायला हार्टमनची गरजच उरत नाही. एके रात्री मुले लेनर्डला खाटेवर दाबून धरतात आणि टॉवेलात साबणाची वडी बांधून एकेक जण त्याला हाणतो. जोकरची पाळी शेवटी येते. तो क्षणभर घुटमळतो, आणि मग इतरांहून अधिक वेळा मारतो. नंतर आपल्या खाटेवर पडून, लेनर्डचे रडणे ऐकू येऊ नये म्हणून कानांवर हात घेतो.

जो दिवसाढवळ्या सार्जंटसमोर वाकला नाही, तो रात्री सवंगड्यांसमोर वाकला. स्वतःपुरती मर्यादा राखणे ही अर्धीच गोष्ट होय. माझ्या श्रद्धेला हात लावू नका, माझ्या देहाला हात लावू नका, असे म्हणण्याचे धैर्य जोकरपाशी आहे. शेजारच्या खाटेवरील माणसाच्या देहाला माझा हात लागणार नाही, असे म्हणण्याचे नाही. आजकाल शिबिरांतून 'स्वतःची सीमा ओळखा' असे पुष्कळ सांगितले जाते. ते योग्यच आहे, पण शेजाऱ्याच्या खाटेपर्यंत न पोहोचणारी सीमा फार तोकडी पडते.

बराकीचे संडास धुता धुता जोकर आपल्या मित्राजवळ बोलतो, तो प्रसंगही विसरण्यासारखा नाही. लेनर्ड आता आपल्या रायफलीशी बोलू लागला आहे, त्याचे डोके ठिकाणावर नाही, अशी शंका तो व्यक्त करतो. दोघांनाही ते पटते. मग बोलणे एका अश्लील विनोदावर जाते आणि विषय संपतो. कोणीही कोणालाही काही कळवीत नाही. प्रशिक्षणाच्या शेवटल्या रात्री त्याच संडासात लेनर्ड हार्टमनला आणि नंतर स्वतःला गोळी घालतो. नाताळच्या दिवशी बराकीत एका चॅप्लेनचे, म्हणजे सैनिकी धर्मगुरूचे, नाव उच्चारले जाते; त्याचे दर्शन मात्र घडत नाही. एक धर्मगुरू म्हणून ही अनुपस्थिती मला टोचते. अमेरिकी सैन्यात चॅप्लेनपाशी बोललेले गुप्त राहते, त्याला कायद्याचे संरक्षण आहे. मरीन दलात वरिष्ठ अधिकाऱ्याची थेट भेट मागण्याची रीतही आहे. दारे होती; पण त्या मुलांच्या मनाच्या नकाशावर ती कोणी काढून दिली नव्हती.

हा सारा कुब्रिक ह्यांच्या कल्पनेचा खेळ आहे असे कोणास वाटू नये. ज्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे, तिचा लेखक गुस्ताव हॅसफर्ड स्वतः मरीन होता. पॅरिस आयलंडवर ८ एप्रिल १९५६ च्या रात्री एका सार्जंटने शिक्षा म्हणून आपली पलटण रिबन क्रीक नावाच्या खाडीत उतरवली, आणि सहा रंगरूट बुडून मेले. त्यानंतर देखरेख कडक झाली, अधिकारी वाढवले गेले. तरीही साठ वर्षांनी, मार्च २०१६ मध्ये, त्याच ठिकाणी एक वीस वर्षांचा मुसलमान रंगरूट जिन्यावरून खाली पडून मरण पावला. त्याआधी काही क्षण प्रशिक्षकाने त्याला थप्पड मारली होती. त्याच प्रशिक्षकाने दुसऱ्या एका मुसलमान रंगरुटास कपडे वाळवण्याच्या मोठ्या यंत्रात घातल्याचेही खटल्यात निष्पन्न झाले. २०१७ साली त्याला दहा वर्षांची कैद झाली. चित्रपटात जोकरला जे विचारले गेले, ते येथे दुसऱ्या धर्माच्या मुलांना अधिक क्रूरपणे विचारले गेले, एवढाच फरक.

'ए फ्यू गुड मेन' हे मुळात ॲरन सॉर्किन ह्यांचे नाटक. १९८९ साली ते ब्रॉडवेवर आले. ग्वांतानामोच्या तळावर सँटियागो नावाचा एक दुबळा शिपाई रात्री दोन सहकाऱ्यांच्या हातून मरतो. त्याला 'वळणावर आणण्याचा' हुकूम वरून आला होता काय, ह्याभोवती खटला फिरतो. कलाकृती म्हणून मी ह्या चित्रपटाला कुब्रिक ह्यांच्या चित्रपटाच्या पंक्तीला बसवणार नाही. त्याची रचना फार गुळगुळीत आहे. कर्नल जेसपने स्वतःच्याच अहंकाराने कबुली द्यावी म्हणजे सत्याचा विजय होतो, ही नाट्यगृहाची सोय झाली. प्रत्यक्षातले जेसप इतके भोळे नसतात. शिवाय शेवटी दोघा शिपायांना ज्या कलमाखाली दोषी ठरवले जाते, ते अशोभनीय वर्तनाचे कलम अमेरिकी सैनिकी कायद्यात अधिकाऱ्यांसाठी आहे, शिपायांसाठी नाही.

तथापि, ह्या चित्रपटात दोन जागा अशा आहेत की, त्यांच्यासाठी तो पुनःपुन्हा पाहावा. पहिली जागा डॉसनच्या पूर्वेतिहासाची. सँटियागोच्या आधी त्याच तळावर दारू चोरल्याबद्दल एका शिपायाचे जेवण बंद केले गेले होते. डॉसनने त्याला चोरून अन्न पोहोचवले. त्याने योग्य आणि अयोग्य ह्यांतील भेद ओळखला होता, त्यासाठी हुकूम मोडला होता. आणि त्याचे फळ म्हणून त्याच्या कामगिरीच्या अहवालात कमी दर्जाचा शेरा आला. पुढल्या खेपेस हुकूम आला, तेव्हा डॉसनने तो पाळला. मर्यादा राखणाऱ्या हाताला संस्था एकदाच चटका देते, आणि तो हात पुन्हा उठत नाही. माझ्या मते सँटियागोच्या मरणाची सुरुवात त्या शेऱ्यात झाली. पटकथा मात्र वकिलाच्या चातुर्यात इतकी रमते की, तो शेरा केवळ पुरावा म्हणून हाताळून पुढे सरकते.

दुसरी जागा न्यायालयातील. सरकारी वकील एका शिपायाच्या हाती दलाचे माहितीपुस्तक देऊन विचारतो, अशा बेकायदा शिक्षेचा उल्लेख ह्यात कोठे आहे? कोठेच नसतो. मग बचावाचा वकील कॅफी तेच पुस्तक पुढे करून विचारतो, जेवणघर कोठे आहे ते ह्यात दाखव. तेही नसते. मग तुला जेवण कसे मिळाले? तर जेवणाच्या वेळी सगळे जिकडे गेले, तिकडे मीही गेलो, अशा अर्थाचे उत्तर येते. प्रेक्षक हसतात. ह्या विनोदात रंगरुटाच्या जीवनाचे सगळे शास्त्र सामावले आहे. माणूस पुस्तकाने थोडे शिकतो आणि गर्दीमागून पुष्कळ. सीमेचे ज्ञान पुस्तकात छापून भागत नाही. जेवणघराची वाट जशी पायांना कळते, तशी ती कळली पाहिजे. पहिल्या आठवड्यातच एखाद्या उस्तादाने रांगेसमोर उभे राहून सांगावे, की अमुक हुकूम मी देऊ शकतो, अमुक देऊ शकत नाही, आणि दिलाच तर तुम्ही तो अमक्याच्या कानावर घालायचा. त्याने असे सांगितलेले पुढच्या तुकडीने मागच्या तुकडीकडून ऐकावे. तरच ती वाट पडते.

अशा वाटा पडण्यास किती काळ लागतो, ह्याचे उदाहरण टेक्ससमधील लॅकलंड हवाईतळाचे आहे. तेथे प्रशिक्षकांनी रंगरूट मुलींवर केलेले अत्याचार २०११-१२ मध्ये उघडकीस आले. एका प्रशिक्षकाला वीस वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर अमेरिकेच्या सैनिकी कायद्यात एक नवे कलम आले आणि १ जानेवारी २०१९ पासून लागू झाले. प्रशिक्षकाने प्रशिक्षणार्थीशी लैंगिक संबंध ठेवणे हा त्यायोगे गुन्हाच ठरला, आणि 'तिची संमती होती' हा बचाव तेथे चालत नाही. ज्याच्या हाती दुसऱ्याची झोप, जेवण आणि भवितव्य आहे, त्याच्यासमोरची संमती ही संमती नव्हे, हे कायद्याने उशिरा का होईना मान्य केले. आपण ख्रिस्तसभेच्या मंडळींनी ह्या बाबतीत सैन्याकडे बोट दाखवताना जपून बोलावे. अधिकाराच्या गैरवापराने लादलेल्या लैंगिक कृत्यांची दखल घेणारे पोप फ्रान्सिस ह्यांचे फर्मानही २०१९ सालचेच आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. २०२२ पासून अग्निवीर म्हणून साडेसतरा वर्षांची मुलेही भरतीस पात्र ठरतात. आमच्या धर्मग्रामातून असाच एक मुलगा निघाला, तेव्हा आशीर्वादासाठी आलेल्या त्याच्या वडिलांनी माझ्यासमोरच त्याला बजावले, "बाबा, साहेब सांगतील ते मुकाट करायचं. उलट बोलायचं नाही." मुलगा मान हलवीत होता. बापाची काळजी मला समजत होती. नोकरी टिकली पाहिजे, कर्ज फिटले पाहिजे. मी त्याला म्हटले, "सांगतील ते जरूर कर. रगडा काढायला लावला तर काढ. पण कोणी दुसऱ्या पोराला मार म्हणाला, किंवा तुझ्या अंगाशी नको ते करू लागला, तर तो सैन्याचा हुकूम नव्हे." वडील म्हणाले, "फादर, हे त्याला कसं कळायचं?" प्रश्न रास्त होता.

ह्या बापाला माहीत नसलेली गोष्ट अशी की, आपला १९५० चा सेना कायदा त्याच्या मुलाच्या बाजूने पुष्कळ बोलतो. त्यातील ४१ वे कलम आज्ञाभंगास शिक्षा सांगते, पण आज्ञा 'कायदेशीर' असली पाहिजे ही अट घालूनच. ४७ वे कलम हाताखालच्या माणसाला मारहाण करणाऱ्या वा छळणाऱ्या वरिष्ठास सात वर्षांपर्यंत कैद सांगते. २६ वे कलम अन्याय झालेल्या शिपायाला दाद मागण्याचा मार्ग देते. ही तीन कलमे कोणत्याही मुलाला दहा मिनिटांत समजावता येतील. भरतीपूर्व वर्गांतून धावणे, उंच उडी, छातीचे माप आणि सामान्य ज्ञान ह्यांची तयारी होते. तेथे ह्या दहा मिनिटांना जागा व्हावी. सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी ह्यांच्याप्रमाणे पाद्रीही धर्मशिक्षक म्हणून नेमले जातात. त्यांचा उपयोग केवळ नाताळापुरता नाही, हेही मुलांच्या कानावर घालता येईल.

लूकच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई येतात आणि आम्ही काय करावे, असे विचारतात. योहान त्यांना तलवार टाकून द्या असे म्हणत नाही. कोणाला धमकावून लुबाडू नका, खोटे आळ घेऊ नका, वेतनात समाधान माना, एवढेच सांगतो. म्हणजे तो त्यांना त्यांच्याच हाताची सीमा दाखवतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली हेच अधिक कडक शब्दांत मांडले : गुन्हेगारी हुकमांपुढे आंधळे आज्ञापालन ही सबब नव्हे, आणि त्यांना उघड विरोध करणारे गौरवास पात्र आहेत. लॅटिनमध्ये आज्ञापालनाच्या शब्दाचे मूळ 'ऐकणे' ह्या धातूत आहे. ज्याला ऐकू येते, त्याला शेजारच्या खाटेवरचे रडणेही ऐकू यावयास हवे. जोकरने कानांवर हात घेतले, ते त्यासाठीच.

ह्या दृष्टीने 'प्रहार'कडे पुन्हा पाहिले तर चित्र अस्वस्थ करणारे दिसते. पीटरच्या मरणाने पेटलेला मेजर चव्हाण कायदा हाती घेऊन गुंडांना ठार मारतो; शेवटी त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. चित्रपटाचा कल असा की, वेडा तो नव्हे, समाज वेडा. टाळ्याही तशाच पडल्या. नाना पाटेकर ह्यांच्या अभिनयाची धार आणि तळमळीचा खरेपणा मी नाकारीत नाही. त्यांनी ह्या भूमिकेसाठी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत घेतलेले प्रशिक्षण पडद्यावर दिसते. परंतु जो अधिकारी आपल्या अधिकाराची सीमा बराकीबाहेर अशी ओलांडतो, त्याने बराकीत आपल्या मुलांना सीमेविषयी काय शिकवले असेल? पीटरने त्याच्याकडून शौर्य घेतले, सोसणे घेतले. आणखी काय घेतले ते सांगण्याची संधी पटकथेने पीटरला दिलेली नाही.

'ए फ्यू गुड मेन'मध्ये डॉसनबरोबरचा दुसरा आरोपी डाउनी हा मात्र अगदी आपल्या ओळखीचा मुलगा आहे. वयाने लहान, बुद्धीने साधा, डॉसन सांगेल ते करणारा. साक्षीत असे उघड होते की, ज्या हुकमाखाली त्याने हे सारे केले, तो त्याने वरिष्ठाच्या तोंडून ऐकलेलाच नव्हता. गाडीचे चाक बसल्यामुळे तो पहाऱ्यावरून उशिरा परतला. हुकूम त्याला डॉसननेच सांगितला. निकाल लागतो, खुनाच्या आरोपातून दोघे सुटतात, पण दलातून त्यांची हकालपट्टी होते. डाउनी गोंधळून विचारतो, आपले चुकले कोठे? आपण तर काहीच चुकीचे केले नाही. उत्तर डॉसन देतो : जे स्वतःसाठी लढू शकत नव्हते, त्यांच्यासाठी आपण लढायला हवे होते. ज्याने पूर्वी उपाशी शिपायाला अन्न नेऊन दिले होते, त्याच्याच तोंडी हे येते. डाउनीला ते कितपत समजले, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला अजून नक्की सांगता येत नाही.